महोत्सव राहू द्या, आधी वेळापत्रक काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्य होऊन तुम्हाला वर्ष झालं. अडीचशेच्या आसपास विद्यार्थी, स्वतःचं सभागृह, शिक्षक जाणते. तरी कार्यक्रमांना पालक आणि माजी विद्यार्थी सोडले तर कोणी फिरकत नाही. संचालक मंडळ म्हणतं, महाविद्यालय समाजाशी जोडा. म्हणून तुम्ही तीन दिवसांचा मोफत महोत्सव केला, दोन नाटकं बाहेर नेली, शाळांमध्ये प्रात्यक्षिकं केली. लोक आले, टाळ्या वाजल्या, आणि महिन्याभरात सगळं होतं तिथेच आलं. शिक्षक कुरकुरतायत की रियाजाचे आणि तालमींचे दिवस गेले. पुढच्या महिन्यात मंडळापुढे वर्षाचा आराखडा ठेवायचाय, तर त्यात काय ठेवावं?

मी मूळची नृत्य विभागातली. बरीच वर्षं शिकवलं आणि शेवटची अकरा वर्षं प्राचार्यपदावर काढली. तुमच्यासारखा महोत्सव मीही केलाय, तोही दोनदा. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. रिकामं सभागृह हा पहिला. तो वेळेचा, तिकिटाचा आणि प्रसिद्धीचा प्रश्न आहे आणि तुलनेने सोपा आहे. दुसरा, आसपासच्या माणसांच्या आयुष्यात तुमच्या महाविद्यालयाला काही जागा आहे का. तिसरा तुम्ही एका वाक्यात उरकलात, पण माझ्या मते खरा प्रश्न तोच: हे काम तुमच्या संस्थेत नेमकं कोणाचं आहे? महोत्सव ज्यांनी अंगावर घेतला त्यांची नावं आठवून बघा. दोन-तीन उत्साही माणसं, त्यातली एक-दोन तासिका तत्त्वावरची. बाकीच्यांनी उद्घाटनाला हजेरी लावली असेल. हे काम जोवर वेळापत्रकात, शिक्षकांच्या कार्यभारात आणि विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेत नाही, तोवर ते कोणाच्या तरी उत्साहावर चालतं. माझ्या अनुभवात असा उत्साह दोन वर्षं पुरतो. मग त्या माणसाला दुसरीकडे नोकरी लागते किंवा तो दमतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. अभ्यासक्रम तुमच्या हातात आहे की विद्यापीठाच्या, यावर बरंच ठरतं. स्वायत्त असाल तर एका वर्षात नवा विषय आणता येईल. नसाल तर आहे त्याच विषयांच्या प्रात्यक्षिकाच्या तासांत जागा काढावी लागेल. विद्यार्थी वसतिगृहात राहतात की रोज ये-जा करतात, यावर संध्याकाळची कामं शक्य की अशक्य ते ठरतं. आणि मंडळाला 'समाजाशी जोडा' म्हणताना नेमकं काय हवंय? प्रवेश वाढायला हवेत, देणगीदार हवेत, की खरंच नातं हवंय? हे सरळ विचारून घ्या. तिन्ही इच्छा रास्त आहेत, पण तिन्हींची कामं वेगळी. माझ्या मंडळाला प्रवेश हवे होते आणि मी दोन वर्षं त्यांच्यापुढे नात्याबद्दल भाषणं करत होते.

सुरुवात कुठून करायची? काहीही जाहीर करू नका. पहिल्या तीन महिन्यांत मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी फाटकापाशी बसणं. दारावरच्या रखवालदाराला आणि कार्यालयातल्या लिपिकाला जे माहीत असतं ते प्राचार्यांना शेवटी कळतं. कोण आत डोकावतं आणि परत जातं, कोण 'इथे मोठ्या माणसांना शिकवतात का' असं विचारून जातं, कोणाला 'आत जायचं नाही' म्हणून हटकलं जातं. आमच्या लिपिकाकडे अशा चौकशांची वहीच नव्हती; तो सगळ्यांना 'प्रवेश बंद झालेत' एवढंच सांगायचा. मी वही ठेवायला लावली. चार महिन्यांत त्यात दिसलं की बहुतेकांना पदवी नकोच होती. एकाला जुनी पेटी दुरुस्त करून हवी होती, दोघींना संध्याकाळी गायचं होतं, एका शाळेला फक्त एक मोकळी खोली हवी होती. आम्ही मात्र त्यांना महोत्सव देत होतो.

शेजाऱ्यांशी आमचं पहिलं खरं बोलणं झालं ते तक्रारीवरून. तालवाद्यांचा वर्ग रस्त्याच्या बाजूला, खिडक्या उघड्या, आणि परीक्षेच्या आधी रात्री साडेदहापर्यंत रियाज. समोरचे एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. माझा पहिला विचार असा की यांना कलेची कदर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसले तेव्हा कळलं की त्यांच्या आईंच्या पलंगाच्या आणि आमच्या पखवाजाच्या मध्ये एक रस्ता आणि एक काच आहे, बस. वर्ग मागच्या बाजूला हलवला, रात्री नऊनंतर त्या इमारतीत वाद्यं बंद, आणि परीक्षांच्या तारखा महिनाभर आधी कागदावर छापून आजूबाजूच्या घरांत दिल्या. त्या कागदावर माझा फोन नंबर होता. तो गृहस्थ पुढे आमच्या एकाही कार्यक्रमाला आला नाही, पण आमच्याबद्दल वाईटही कधी बोलला नाही. हे मी कमाईत धरते. गाण्याबजावण्याचं महाविद्यालय असेल तर आवाज हा तुमच्या शेजारधर्माचा पहिला विषय असतो, आणि त्यावर बोलायला प्राचार्यांनी स्वतः जावं.

फाटकापाशी बसण्याचा दुसरा हेतू असा की तुमच्या आधी तिथे कला होतीच. जवळपास कोणी ना कोणी गात असतं, वाजवत असतं, हौशी नाटक बसवत असतं. 'कला लोकांपर्यंत नेऊ' हे वाक्य मंडळाला आवडतं, पण त्यात लोकांकडे ती नाही असं गृहीत धरलेलं आहे. इथे मला हबीब तन्वीर आठवतात. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकून आलेला हा दिग्दर्शक. १९५९ मध्ये त्यांनी दिल्लीत 'नया थिएटर' सुरू केलं, छत्तीसगढचे लोककलावंत सोबत घेतले, आणि कित्येक वर्षं त्यांना हवं तसं जमेना. नंतर त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं की चुका त्यांच्या होत्या. छत्तीसगढी बोलणाऱ्या नटांना ते हिंदीतून बोलायला लावत होते, आणि रंगमंचावर मुक्तपणे वावरणाऱ्या माणसांवर आखीव हालचाली लादत होते. भाषा आणि हालचाल नटांच्या हवाली केली तेव्हा, सत्तरच्या दशकात, तेच नट उजळून निघाले. सगळ्या प्रशिक्षित कलावंतांना, आणि म्हणून आपल्या सगळ्या शिक्षकांना, ही चूक सहज होते. बाहेरचा गायक आपल्याकडे आला की आपण आधी त्याचा स्वर सुधारायला घेतो.

म्हणून आमच्याकडे एक नियम केला. बाहेरच्या कलावंतांना बोलवायचं तर 'पाहुणे' म्हणून नाही, शिकवायला. आणि मानधन बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला देतो तेवढंच, शाल-नारळावर बोळवण नाही. यावर लेखा विभागाने सहा महिने अडवलं, कारण त्या माणसाकडे पदवी नव्हती. तुमच्याकडेही अडवतील. तो कागद तुम्हालाच लढवावा लागेल, विभागप्रमुखांवर सोडू नका.

आता वेळापत्रकाकडे येते. त्यामागे माझी एक लाज वाटणारी आठवण आहे. प्राचार्य झाल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही एका वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना पाठवलं. पाच आठवडे, दर शनिवारी, गाणी आणि बसल्या बसल्या करायच्या हालचाली. सुंदर चाललं होतं. सहाव्या आठवड्यात परीक्षा आल्या, मग सुट्टी, मग नवं सत्र, आणि तो उपक्रम हवेत विरला. सात-आठ महिन्यांनी काही कामाने मी तिथे गेले तर एक आजी म्हणाल्या, "मुलं शनिवारी येणार होती ना?" त्यांनी शनिवार धरून ठेवला होता. आमच्या वार्षिक अहवालात मात्र हा उपक्रम 'यशस्वीरीत्या संपन्न' होता, फोटोसकट.

त्यानंतर ठरवलं: तीन वर्षं चालवता येणार नाही असं काही सुरू करायचं नाही. ही अट घातली की आपोआप काम लहान होतं. दहा ठिकाणांऐवजी दोन. आठवड्यातली एक दुपार, दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात, त्या वेळी दुसरा वर्ग किंवा तालीम ठेवायची नाही. त्याला क्रेडिट. जे शिक्षक सोबत जातात त्यांचे ते तास अध्यापनाच्या कार्यभारात मोजायचे, वर जास्तीचे म्हणून नाही. परीक्षा आणि सुट्ट्यांचे आठवडे समोरच्या संस्थेला वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्यायचे, म्हणजे कोणी शनिवार धरून बसणार नाही. आणि करार संपवायचा झाला तर निरोपाची भेट ठरवून घ्यायची. याला मोठी योजना म्हणता येणार नाही. पण आमच्याकडे जे टिकलं ते एवढ्यावरच टिकलं.

पहिलं वर्ष का नाही, हा प्रश्न येईलच. पहिल्या वर्षाला स्वतःचं अंग आणि आवाजच अजून सापडलेला नसतो, त्यात दुसऱ्याला सांभाळायला लावलं तर दोन्ही बिघडतं. शेवटच्या वर्षाला सादरीकरणाची घाई. मधलं वर्ष बरोबर बसतं.

शिक्षकांची कुरकुर हसण्यावारी नेऊ नका. ती अर्धी खरी आहे. वाद्य शिकणाऱ्या मुलाला रोजचे काही तास हातात वाद्य हवंच, आणि तो तास एकदा गेला की कुठल्याही सामाजिक जाणिवेने भरून येत नाही. रियाजाचा वेळ न कापता दुपार कुठून काढली ते त्यांना दाखवता आलं पाहिजे. आम्ही ती अभ्यासेतर समारंभांतून काढली: स्वागत, निरोप, दिवस साजरे करणं. त्यात किती तालमी जातात ते एकदा मोजून बघा. मी मोजल्यावर शिक्षकच गप्प झाले.

पण उरलेली अर्धी कुरकुर, म्हणजे 'तिथे काय शिकणार', ती मला पटत नाही. आमची एक विद्यार्थिनी, गळा तयार, ताना बिनचूक, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या गटासमोर गायला बसली. तिने सवयीप्रमाणे मध्यलयीतली, हमखास टाळ्यांची रचना घेतली. समोर काहीच नाही, एक जण उठून चालू लागले. सभागृहात श्रोता सभ्यतेने बसून राहतो, त्यामुळे गायकाला आपण ऐकवतोय की नुसतं गातोय हे कळतच नाही. चौथ्या आठवड्यापर्यंत तिने लय अर्ध्यावर आणली, एकाच ओळीवर थांबायला शिकली, समोरच्या बाईंच्या श्वासाकडे बघून पुढची ओळ उचलायला लागली. त्या वर्षाच्या परीक्षेत तिचं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, ऐकून बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? तिच्या गुरूंनी, जे या उपक्रमाचे सर्वांत मोठे विरोधक होते, पुढच्या वर्षी स्वतःहून तिथे जायची तयारी दाखवली. सगळेच असे बदलत नाहीत. नाट्य विभागातले एक ज्येष्ठ शेवटपर्यंत आले नाहीत, आणि मीही त्यांना ओढलं नाही. न पटलेला शिक्षक बरोबर नेला की विद्यार्थी त्याचा चेहरा वाचतात.

जाण्याआधीची तयारी मात्र काटेकोर ठेवा. लहान मुलांबरोबर एकट्याने थांबायचं नाही, कायम दोन मोठी माणसं. परवानगीशिवाय फोटो नाही, आणि रुग्णांचे, लहान मुलांचे तर सहसा नाहीच. परतल्यावर अर्धा तास बसून बोलायचं, कारण विशीतली मुलं मृत्यूच्या जवळचं काही पहिल्यांदा बघतात आणि ते घेऊन थेट घरी जातात. हे सगळं लिहून ठेवा. तोंडी ठेवलेलं पहिल्या बदलीबरोबर जातं.

आता सभागृह. मोफत कार्यक्रमाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मोफत प्रवेशिका घेतात आणि येत नाहीत, कारण न येण्याने काही जात नाही. शिवाय फुकट म्हणजे आपल्याला कमी लेखलं, असंही काहींना वाटतं. आम्ही 'जमेल ते द्या' अशी पेटी ठेवली, आणि प्रवेशिकेवर नाव लिहून घ्यायला लागलो. नाव सांगितलेला माणूस बहुधा येतो.

पण माणसं न येण्याची खरी कारणं अनेकदा कलेची नसतातच. प्रयोग किती वाजता संपतो आणि त्यानंतर घरी जायला वाहन मिळतं का? लहान मूल रडलं तर उठून जाता येतं का, की सगळे वळून बघतात? आम्ही वर्षातून चार प्रयोग असे ठेवले की प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, दार उघडं, ये-जा चालेल, अचानक मोठे आवाज कमी केलेले, आणि सुरुवातीला नट येऊन सांगतात की पुढे काय काय होणार आहे. स्वमग्न मुलांचे पालक त्या दिवशी पहिल्यांदा नाट्यगृहात बसले. जगभर बऱ्याच नाट्यगृहांत ही पद्धत रुळलेली आहे, त्यात नवीन काही नाही, खर्चही जवळजवळ नाही. उताराचंही तसंच. १ फूट उंचीला १२ फूट लांबी हा चाकाच्या खुर्चीसाठी सर्वमान्य उतार. तो पुढच्या दारापाशी सगळे करतात. रंगमंचावर चढायला करतात का? आमच्याकडे नव्हता. म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने बघायला यावं, पण नट किंवा वादक म्हणून येऊ नये, असं आमच्या इमारतीनेच ठरवून टाकलं होतं. हे एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाहेर नेलेल्या तुमच्या दोन नाटकांबद्दल. ती सभागृहासाठी बसवून नंतर बाहेर नेलीत ना? मग ती तिथे केविलवाणी दिसणारच. कर्नाटकातल्या हेग्गोडूचं 'नीनासम' बघा. १९४९ मध्ये गावातल्या मंडळींनी सुरू केलेली संस्था, १९८० मध्ये तिथे नाट्यप्रशिक्षण सुरू झालं, आणि १९८५ पासून त्यांचं फिरतं नाट्यपथक 'तिरुगाट' गावोगाव जातंय. तिच्या संस्थापकांपैकी एक, के. व्ही. सुब्बण्णा, यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. शिक्षण देणारी शाळा आणि फिरणारं पथक यांची एकमेकांना सवय झालेली आहे, यात त्याचं बळ आहे. तुम्ही एवढं करू शकणार नाही, मीही केलं नाही. पण एक गोष्ट उचलली: शेवटच्या वर्षाचं एक नाटक सुरुवातीपासूनच फिरतं म्हणून बसवायचं. सगळं नेपथ्य एका गाडीत मावेल, दोन तासांत उभं राहील, माइकशिवाय ऐकू जाईल आणि तीन बाजूंनी बसलेल्यांना दिसेल. या चार अटींनी नेपथ्याचा विद्यार्थी जेवढं शिकतो तेवढं सज्ज सभागृहात शिकत नाही.

नाट्य विभागाला आणखी एक सुचवेन. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर तुम्हाला माहीत असेल: प्रसंग एकदा करून दाखवायचा, पुन्हा करताना प्रेक्षकाने 'थांबा' म्हणून नटाच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं वागून बघायचं. बोआल १९९३ ते १९९६ रिओच्या नगरपरिषदेत सदस्य होते आणि अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांवरून तेरा कायदे मंजूर झाले. आम्ही म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्यावर एक प्रसंग केला, आमच्या मते हृदयद्रावक. एका बाईंनी तो दुसऱ्याच वाक्याला थांबवला. "असं कोणी बोलत नाही घरात," म्हणाल्या, आणि सुनेची भूमिका स्वतः करून दाखवली. विद्यार्थ्यांनी लिहिलेली चार पानं त्या दिवशी गेली. हे तंत्र वापराल तर एवढी तयारी ठेवा की लोक तुमच्या संस्थेबद्दलही बोलतील, आणि तेव्हा मध्ये पडायचं नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण परिस्थिती प्रत्येकाची वेगळी. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर आणि तिकीट लावलेल्या जलशांवर. संगीतशिक्षण आणि सामान्य लोक यांची गाठ आपल्याकडे तिथे पक्की बसली. आणि त्याच पलुसकरांची मुंबईतली इमारत पुढे कर्जापायी हातची गेली. दोन्ही गोष्टी मंडळाला सांगा. या कामाचा पैसा प्रकल्पनिधीवर ठेवू नका. प्रकल्प संपला की नातं संपतं. महाविद्यालयाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात लहानशी पण कायमची ओळ घाला: प्रवास, मानधन, एका समन्वयकाचा अर्धा पगार. देणगीदार आले तर त्यावर आणखी.

मंडळातलं कोणीतरी व्हेनेझुएलाच्या 'एल सिस्तेमा'चं उदाहरण नक्की देईल. १९७५ मध्ये होसे आंतोनियो आब्रेउ यांनी सुरू केलेला, गरीब घरातल्या लाखो मुलांना वाद्यवृंदात आणणारा उपक्रम, गुस्तावो दुदामेलसारखा संगीतसंचालक त्यातून घडलेला. त्यांना नम्रपणे सांगा की तिथे मुलं घराजवळच्या केंद्रात जवळपास रोज, शाळेनंतर काही तास येतात. वर्षातून एकदा महोत्सव करून ते घडलं नाही. आणि त्या व्यवस्थेतल्या कडक शिस्तीवर, वरून खाली चालणाऱ्या कारभारावर अभ्यासकांनी टीकाही केली आहे. नाव उचलणं सोपं, रोजचे तास उचलणं अवघड.

मंडळ आकडे मागेल. द्या, पण कोणते ते तुम्ही ठरवा. 'किती लोक आले' याने काहीच कळत नाही. आम्ही तीन गोष्टी मोजल्या: दुसऱ्यांदा कोण आलं, न बोलावता कोण आलं, आणि उपक्रमाची कल्पना बाहेरून आली असे किती. तिसरा आकडा पहिल्या वर्षी शून्य होता आणि मी तो तसाच मांडला. एका सदस्यांनी विचारलं, शून्य अहवालात कशाला? म्हटलं, पुढच्या वर्षी एक झाला तर दिसावा म्हणून.

प्रवेशांची ज्यांना काळजी आहे त्यांच्यासाठी एक मुद्दा. प्रवेशाच्या चाचणीत आपण बहुधा कोणी किती वर्षं खासगी शिकवणी घेतली तेच तपासतो. ज्याच्या घरी वाद्य नव्हतं तो तिथेच गळतो, मग आसपासची मुलं महाविद्यालयात कशी दिसणार? आम्ही चाचणीआधी दहा आठवड्यांचा विनाशुल्क तयारीवर्ग सुरू केला आणि चाचणीत एक भाग असा ठेवला की तिथल्या तिथे काही शिकवायचं आणि मूल किती पकडतं ते बघायचं. त्यातून आलेली सगळी टिकली नाहीत. काहींना पहिल्या वर्षी स्वरलेखन जड गेलं, त्यांना जादा तास द्यावे लागले, आणि ते तासही कार्यभारात धरावे लागले. म्हणजे पुन्हा वेळापत्रकच.

तर पुढच्या महिन्यातल्या बैठकीत महोत्सव रद्द करतोय असं म्हणू नका, विनाकारण वाद होईल. तीन दिवसांचा एक दिवस करा आणि त्या दिवशी रंगमंचावर निम्मा वेळ बाहेरच्या गटांना द्या, त्यांना हवं ते करू द्या. वाचलेल्या दोन दिवसांच्या खर्चात आणि तालमीच्या तासांत दोन ठिकाणांची साप्ताहिक दुपार बसते का, याचा हिशोब एका पानावर न्या. ती दोन ठिकाणं आजच ठरवू नका. आधी लिपिकाला वही द्या. आणि जमलं तर तालमीच्या एका खोलीची किल्ली संध्याकाळी सहा ते आठ बाहेरच्या एखाद्या गटाला देऊन बघा. आमच्याकडे एका हौशी गायनगटाला दिली होती. पहिल्या महिन्यात त्यांनी दोनदा दिवे चालू ठेवले आणि एकदा पेटीची कळ तुटली. शिक्षक माझ्याकडे आले की किल्ली परत घ्या. मी कळ दुरुस्त करून घेतली, गटाने अर्धे पैसे दिले, किल्ली त्यांच्याकडेच राहिली.